भीमगीतांचा इतिहास: जलशापासून रिंगटोनपर्यंत

डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्यांची चळवळ आणि गौतम बुद्ध यांच्यावर रचलेल्या मराठी गाण्यांना भीमगीते किंवा भीम-बुद्धगीते म्हणतात. महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांत बारसे, लग्न, गृहप्रवेश, १४ एप्रिलची जयंती, विजयादशमीचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन यांपैकी एकही प्रसंग या गाण्यांशिवाय पार पडत नाही. एखाद्याला किशोरकुमार आवडतो की भीमसेन जोशी, यावरून त्याच्याविषयी फारसे काही कळत नाही. त्याच्या मोबाइलवर भीमगीत वाजले, तर मात्र तो कोण आणि त्याचे आजोबा गावात कुठे राहत होते, हे ऐकणाऱ्याच्या क्षणात लक्षात येते. आवडते गाणे आणि ओळख यांचा इतका थेट संबंध मराठीतल्या दुसऱ्या कोणत्याही गीतप्रकारात दिसत नाही.

ही ओळख वाडवडिलांकडून जशीच्या तशी हाती आलेली नाही. जुन्या गाण्यातला आवाज, ठेका आणि चाल ठेवायची, पण त्यातले देव, शृंगार आणि लाचारी पाखडून टाकायची, असा हा सुमारे शंभर वर्षांचा उद्योग आहे. भीमगीतांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या निवडीचा इतिहास आहे.

ज्या समाजात ही गाणी जन्मली, त्या तत्कालीन महार समाजाकडे गाण्याचा वारसा मोठा होता. चौदाव्या शतकातील चोखामेळा, त्यांची पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका अशा एकाच घरातल्या पाच जणांचे अभंग वारकरी परंपरेने जपले. वस्तीवस्तीत भजनी मंडळे होती. कबीरपंथही पसरलेला होता. खुद्द बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते आणि त्यांच्या घरात सकाळ-संध्याकाळ भजने, दोहे म्हटले जात. दुसऱ्या बाजूला तमाशा होता. त्यातील गायक, ढोलकीवाले, सोंगाडे आणि नर्तकी यांत महार आणि मांग समाजांतल्या कलावंतांचा भरणा मोठा. शिवाय जोगती, पोतराज, वाघ्या-मुरळी यांची देवदेवतांची गाणी होती आणि गावकीच्या कामाचा भाग म्हणून करावी लागणारी वाजंत्रीही होती.

अडचण नेमकी इथेच होती. गाणे हे या समाजाचे कौशल्य होते आणि त्याच्या हीनत्वाची खूणही. लग्नात वाजवायला बोलावलेल्या माणसाला मांडवात जागा नसे. तमाशातल्या नर्तकीची कला सगळ्या गावाला हवी असे, तिला प्रतिष्ठा मात्र कोणी देत नसे. चोखोबांचे अभंग वारीत गायले जात, पण त्यांची समाधी विठ्ठल मंदिराच्या बाहेर नामदेव पायरीजवळ आहे, आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. विसाव्या शतकात शिकून जागे झालेल्या तरुणांपुढे प्रश्न होता की हे सगळे टाकून द्यायचे की त्यातले काही राखायचे. पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण असलेले शाहीर आणि महार समाजातील पवळा हिवरगावकर यांच्या तमाशाची कीर्ती त्या काळी शिखरावर होती. त्यांनी फडाच्या खेळाचे पैसे चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत, अशी एक आख्यायिका चळवळीत सांगतात. तपशिलात ती कितीही खरी-खोटी असो, स्त्रीच्या नाचावर मिळालेला पैसा समाजाच्या स्वाभिमानाच्या लढ्यात नको, ही भूमिका त्या पिढीची होती, यात शंका नाही.

तमाशाचा साचा उचलून त्यातला मजकूर बदलण्याचा पहिला मोठा प्रयोग सत्यशोधकांनी केला. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा लिहून शाहिरीला वैचारिक काम करायला लावले. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भीमराव महामुनी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सत्यशोधकी जलसे उभे केले. तमाशात आधी गणपतीला आळवणारा गण, मग कृष्ण-गवळणींची छेडछाड, त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग असा क्रम असतो. जलशाने क्रम तसाच ठेवला. गणातला गणपती जाऊन तिथे निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, आला, बतावणीत भटजी आणि सावकार यांची खिल्ली आली, वगात शिक्षणाचे आणि कर्जबाजारी शेतकऱ्याचे प्रश्न आले. लोकांना ठाऊक असलेल्या वाटेने जाऊन अनोळखी गोष्ट सांगण्याची ही युक्ती इतकी यशस्वी ठरली की सातारा-कोल्हापूर भागात जलसा हीच सत्यशोधकांची शाळा बनली.

आंबेडकरी जलसा या जलशाचा थेट वारस. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. सत्याग्रहासाठी माणसे गावोगावहून यायला हवी होती, आणि त्या गावांत वृत्तपत्र वाचू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’ किंवा ‘जनता’ पत्राचा अंक एकाने वाचायचा आणि दहांनी ऐकायचा, अशी स्थिती. ते काम जलशाने हजारोंपर्यंत नेले. नाशिकच्या भीमराव कर्डक यांनी १९३०-३१ च्या सुमारास आपला जलसा उभा केला आणि पुढची अनेक वर्षे नाशिक, नगर, मुंबई, खानदेश असा मुलूख पालथा घातला. कर्डकांचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा आहे, अशा आशयाची बाबासाहेबांची दाद आजही चळवळीत अभिमानाने सांगितली जाते. कर्डकांनी पुढे आंबेडकरी जलशांचे स्वरूप आणि कार्य सांगणारे पुस्तकही लिहिले. या विषयावर आज जे काही ठामपणे सांगता येते, त्यातले बरेच त्या पुस्तकामुळे.

जलशाची साधने साधी होती. ढोलकी, पेटी, तुणतुणे, झांज आणि खणखणीत आवाजाचे आठ-दहा तरुण, एवढ्यावर काम भागे. दिवसा गिरणीत, रेल्वेत किंवा शेतात राबणारी ही माणसे रात्री गॅसबत्तीच्या उजेडात उभी राहत. स्त्रीपात्रे पुरुषच करत. लावणी आणि नाचकाम जाणीवपूर्वक वगळलेले असे. गणात बाबासाहेबांना किंवा समतेच्या विचाराला वंदन होई. वगातल्या गोष्टी अगदी जवळच्या असत. मुलीला शाळेत धाडायला तयार नसलेला बाप, मेलेले ढोर ओढायला नकार देणारा मुलगा, दारूत बुडालेला नवरा, नवसापायी कर्ज काढणारी सासू. प्रेक्षक हसत, आणि हसता हसता स्वतःच्याच घरावर हसत असल्याचे त्यांच्या ध्यानात येई. विरोधकांवर तुटून पडणे सोपे असते. आपल्याच माणसांच्या सवयींवर त्यांच्यासमोर बोट ठेवून पुन्हा त्यांच्याकडूनच टाळ्या घेणे अवघड. जलसाकारांचे खरे कसब इथे होते.

याच काळात विदर्भात किसन फागू बनसोडे (१८७९–१९४६) गीते, पोवाडे आणि पत्रकारिता यांतून हेच काम करत होते. नागपूर-कामठीची चळवळ आणि नाशिक-मुंबईची चळवळ यांचे सूर थोडे निराळे होते. बनसोडे यांना चोखामेळ्याचा वारसा सोडवत नव्हता; बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यावर बनसोडे त्या मार्गाने गेले नाहीत. वारशातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे यावर एकमत कधीच नव्हते. स्वतः बाबासाहेबांनीही संतांशी नाते पूर्ण तोडले नव्हते. त्यांच्या ‘मूकनायक’ पत्राच्या शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग होता, ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या, आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला. चोखोबांचा आदर आणि त्यांच्या शरणागतीला नकार, ही दुहेरी भूमिका पुढच्या गीतांतही उतरली.

पुरुष व्यासपीठावर गात होते तेव्हा बायका जात्यावर गात होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, तो आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहालयात आहे. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या साठ्यात भीमावरच्या आणि त्याची पत्नी रमाई हिच्यावरच्या ओव्या मोठ्या संख्येने आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या त्यांत विशेष प्रसिद्ध आहेत. ज्या ओवीत पूर्वी राम, विठ्ठल किंवा पाठीराखा भाऊ येई, त्या जागी भीम येऊन बसला. बाईने त्याला कधी बाप म्हटले, कधी भाऊ, कधी माहेर. या ओव्यांचे पुस्तक नव्हते, व्यासपीठ नव्हते, आणि त्या शिकवायला कोणी कार्यकर्ताही गेला नव्हता. जलसा हा प्रचार होता असे कोणी म्हणेल, तर ओवी हा त्या प्रचाराने मनात घर केल्याचा पुरावा आहे. पहाटे एकट्या बाईने दळताना कोणासाठी प्रचार करायचा?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. सोबत दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवदेवतांची उपासना न करण्याची शपथ होती. घरोघरचे देव्हारे रिकामे झाले. खंडोबा, मरीआई, यल्लमा गेले. त्यांच्याबरोबर जागरण-गोंधळ, पोतराजाचे गाणे आणि भुत्यांची आरतीही गेली. पिढ्यान्पिढ्या ऐकलेले संगीत एका दिवसात परके ठरण्याचा असा प्रसंग क्वचितच एखाद्या समाजावर येतो. लग्नात मंगलाष्टकांऐवजी त्रिशरण-पंचशील आले. पण पाली गाथांनी विधी पूर्ण होतो, मांडव भरत नाही. हळदीला काय गायचे, बाळाच्या पाळण्याला काय म्हणायचे, वरातीत काय वाजवायचे, हे प्रश्न उरलेच. दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे निधन झाले. शोक आणि रिकामी झालेली जागा या दोहोंतून भीमगीतांची मोठी लाट उसळली. पाळणे भीमाचे झाले, हळदीच्या गाण्यांत रमाई आली, गोंधळाच्या चालीवर बुद्धवंदना बसवली गेली. देव गेले, पण त्यांच्या चाली घरातच राहिल्या.

या लाटेतला सर्वांत मोठा कवी वामनदादा कर्डक. भीमराव कर्डक आणि वामनदादा यांची गल्लत अनेकदा होते. आडनाव एक आणि जिल्हाही एक, पण माणसे दोन. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. पोटासाठी ते मुंबईला आले, गिरणीत आणि पडेल ते काम करत राहिले. अक्षरओळख त्यांना मोठेपणी, मुंबईत झाली. १९४३ मध्ये त्यांनी गीतरचना सुरू केली आणि त्यानंतर साठ वर्षे लेखणी थांबली नाही. त्यांच्या गीतांची संख्या काही हजारांच्या घरात जाते. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे संग्रह. पण जे छापले गेले त्याहून कितीतरी अधिक तोंडोतोंडी आणि गायकांच्या वह्यांत राहिले.

वामनदादांची भाषा खेड्यातली, शब्द रोजच्या वापरातले, आणि रचना अशी की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या कडव्यापासून साथ देता यावी. शेवटच्या ओळीत ते स्वतःचे नाव गुंफत. ही नाममुद्रा संतांच्या अभंगात असते, शाहिरांच्या लावणीत असते आणि गझल-कव्वालीतही असते. तिन्ही परंपरा त्यांच्या कानावर होत्या, म्हणून ती नेमकी कुठून आली हे विचारण्यात अर्थ नाही. विषय मात्र फक्त गुणगानाचे नव्हते. संपत्तीची वाटणी, भूमिहीनता, महागाई, पुढाऱ्यांची फाटाफूट, शिकून साहेब झालेल्यांचे वस्तीला विसरणे यांवर त्यांनी कडवट गीते लिहिली. एका गावाहून दुसऱ्या गावी एस. टी.ने जाणारा, कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम करणारा आणि मिळेल त्या मानधनावर गाणारा हा कवी १५ मे २००४ रोजी नाशिकला वारला. विद्यापीठांत त्याच्यावर प्रबंध लिहिले गेले आहेत. मराठी कवितेच्या इतिहासात त्याला मिळालेली जागा अजूनही त्याच्या लोकप्रियतेच्या मानाने फार थोडी आहे, आणि याचे कारण वाङ्मयीन नाही.

साठच्या दशकात जलसा मागे पडला आणि कव्वाली पुढे आली. मुंबईच्या गिरणगावात, बीडीडी चाळींत आणि कामगार वस्त्यांत मुसलमान आणि बौद्ध शेजारी राहत होते, उरुसाच्या कव्वाल्या एकत्र ऐकत होते. हिंदी चित्रपटांतही तेव्हा कव्वालीचा जमाना होता. भीमगीतांच्या गायन पार्ट्यांनी हार्मोनियम, ढोलक, बँजो आणि टाळ्यांचा ठेका उचलला. दोन पार्ट्यांचा समोरासमोर रात्रभर मुकाबला चाले. एका पार्टीने प्रश्न टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे रचून उत्तर द्यायचे. कलगी-तुऱ्याचे झगडे आणि तमाशातले सवाल-जवाब ऐकलेल्या श्रोत्यांना यात परके काही वाटले नाही. फरक इतकाच की आता आदिमाया थोर की ब्रह्म थोर यावर वाद न होता पुणे करार, संविधान, बुद्धाचा गृहत्याग यांवर वाद होऊ लागला. इतिहासाचा तपशील चुकला की प्रतिपक्ष तिथेच पकडे. श्रवण यशवंते, गोविंद म्हशीलकर, कृष्णा शिंदे, लक्ष्मण राजगुरू, विठ्ठल उमप ही नावे या काळातली. उमपांचा आवाज कोळीगीत, पोवाडा, भारूड आणि कव्वाली या सगळ्यांत सारखाच फिरे. ‘जांभूळ आख्यान’मुळे ते रंगभूमीवरही गाजले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रम सुरू असतानाच त्यांचे निधन झाले.

चालींच्या उसनवारीबद्दल भीमगीतांवर नेहमी टीका होते. गाजलेल्या चित्रपटगीताची चाल उचलायची आणि तीत भीमाचे नाव बसवायचे, हा प्रकार भरपूर झाला, आणि त्यातले पुष्कळसे टाकाऊ होते. तरी ही टीका करताना एक विसरले जाते. कीर्तनकारांनी नाट्यगीतांच्या चाली उचलल्या, नाट्यगीतांनी कर्नाटकी आणि हिंदुस्थानी चिजांच्या उचलल्या, गणेशोत्सवाच्या मेळ्यांनी नाट्यगीतांच्या. मराठी गाणे कायम असेच वाढले आहे. उसनी चाल ही गरिबांची ध्वनिमुद्रिका होती. संगीतकार आणि वाद्यवृंद परवडत नसेल, तर लोकांच्या ओठांवर आधीच असलेली चाल हाच शहाणपणाचा मार्ग.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि सगळे बदलले. ग्रामोफोन तबकडी काढायला मोठी कंपनी लागे आणि ऐकायला यंत्र लागे. कॅसेट स्वस्त होती, टेपरेकॉर्डर हप्त्यावर मिळत होता, आणि लहान कंपन्यांनाही थोड्या प्रती काढून नफा होत होता. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीच्या वाटांवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे स्टॉल लागू लागले. ६ डिसेंबरला दादरला येणारा माणूस परत जाताना एक फोटो, एक पुस्तिका आणि एक कॅसेट घेऊन जाई. अभ्यासक शर्मिला रेगे यांनी या पुस्तिका आणि गाणी ही आंबेडकरी समाजाची स्वतःची ज्ञानव्यवस्था असल्याचे दाखवून दिले. ‘अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू’ या २०१३ च्या ग्रंथात त्यांनी बाबासाहेबांच्या लेखनाच्या शेजारी भीमगीतांना स्थान दिले.

कॅसेटच्या काळाचा सम्राट म्हणजे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४). त्यांची कहाणी या सगळ्या विषयातली सर्वांत गुंतागुंतीची आहे. त्यांनी विठ्ठलाची भक्तिगीते आणि गणपतीच्या आरत्या गायल्या आणि त्या उभ्या महाराष्ट्राने उचलल्या; आषाढीला आणि गणेशोत्सवात आजही त्यांचा आवाज ज्या घरांत वाजतो, त्यांतल्या अनेक घरांत त्यांची भीमगीते कधी लागली नाहीत. उलट बौद्ध वस्तीत त्यांच्या भीमगीतांवर जीव टाकणाऱ्यांनी त्यांच्या विठ्ठलगीतांकडे काणाडोळा केला. एकाच गळ्याची अशी वाटणी झाली. व्यावसायिक गायकाला जगायचे तर दोन्ही बाजारांत उभे राहावे लागे, हे खरे. पण भजनाचा वारसा त्यांच्या घरातलाच होता, आणि आवाजातली आर्तता दोन्हीकडे तीच आहे. त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद यांनी ऐंशीच्या दशकात ठेक्याच्या, चटपटीत लोकगीतांच्या कॅसेटवर नाव कमावले आणि भीमगीतांनाही तोच वेग दिला. तिसऱ्या पिढीतल्या आदर्श शिंदे यांनी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर: महामानवाची गौरवगाथा’ या २०१९ मध्ये सुरू झालेल्या मालिकेचे शीर्षकगीत गायले, आणि ते जयंतीच्या मिरवणुकांचे हुकमी गाणे बनले.

या लोकप्रिय प्रवाहाला समांतर एक लाल-निळा, म्हणजे डाव्या आणि आंबेडकरी विचारांचा, प्रवाह वाहत राहिला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्याने रान उठवले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा चालला, आणि दोन्हींनी शाहिरांची नवी फळी घडवली. मुंबईचे विलास घोगरे त्यातले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण ठार झाले. चार दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चौदा वर्षे चित्रित झालेल्या माहितीपटाचा आरंभ या घटनेपासून होतो. संभाजी भगत, कबीर कला मंच आणि शीतल साठे यांनी पुढे हा सूर चालवला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाचा नायक असाच एक शाहीर आहे आणि त्यातली गाणी भगत यांची आहेत.

वैचारिक वर्तुळात भीमगीतांवरचा मोठा आक्षेप भक्तीचा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातली विभूतिपूजा अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. ज्याने हे सांगितले त्यालाच गाण्यांनी देव्हाऱ्यात बसवले, असे टीकाकार म्हणतात. आक्षेप अर्धा बरोबर आहे. अनेक गीतांत भीम हा उद्धारकर्ता अवतारच होऊन येतो आणि माणूस हरवतो. पण भक्तिगीतात मागणे असते. भीमगीतात ते जवळजवळ नसते. तिथे ऋणांची यादी असते. अंगावरचे कपडे, मुलाची नोकरी, मुलीची पदवी, गावात ताठ मानेने चालणे ही सगळी कोणामुळे, हे पुन्हापुन्हा सांगितले जाते. नवस नाही, चमत्कार नाही, पाप-पुण्य नाही. ज्यांच्या आजोबांच्या पिढीचा लिखित इतिहास नाही, त्यांच्यासाठी हे गाणे कुळाची बखर ठरते.

ओळख दाखवणाऱ्या संगीताची किंमतही मोजावी लागते. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलच्या रिंगटोनवरचे भीमगीत हे वादाचे निमित्त झाले आणि एका दलित तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला. हे प्रकरण राज्यभर गाजले. शहरांत नोकरीला लागलेली कितीतरी माणसे आजही कार्यालयात फोनची रिंगटोन साधी ठेवतात आणि भीमगीते घरी ऐकतात. गाणे बदलून जात लपवता येते, आणि गाणे मोठ्याने लावून ती लपवायचे नाकारताही येते. जयंतीच्या मिरवणुकीतल्या कर्कश डीजेवर नाक मुरडणाऱ्यांचे ध्वनिप्रदूषणाबद्दलचे म्हणणे रास्त आहे, पण तोच आवाज इतर मिरवणुकांत असताना नाक मुरडले जात नसेल तर प्रश्न आवाजाचा नसतो.

यूट्यूबने गायकांना कंपन्यांच्या दारातून मोकळे केले. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारी घेऊन भीमगीते गातात. गावोगाव फिरणाऱ्या भजनकऱ्याचे हे वाद्य. त्यावर त्यांनी गायलेली भीम-रमाईची गाणी मोबाइलवरून लाखोंपर्यंत गेली. जलशाने स्त्रीला व्यासपीठापासून दूर ठेवले होते. आज या क्षेत्रातल्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या आवाजांत एक आवाज तिचा आहे. तरुण मुले रॅपमध्ये हाच आशय मांडू लागली आहेत. मातंग समाजात अण्णाभाऊ साठे आणि लहुजी साळवे यांच्यावरची गाणी याच साच्यात घडली आणि अण्णाभाऊंच्या १ ऑगस्टच्या जयंतीला ती तितक्याच उत्साहाने वाजतात.

या सगळ्या संगीताची नोंद मात्र विस्कळीत आहे. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः प्रकाशित केली. त्यांच्यावरच्या गाण्यांच्या वाट्याला तेवढी शिस्तशीर काळजी आली नाही. जलशांची संहिता बहुतांशी हरवली आहे. कव्वालीचे मुकाबले फारसे कोणी ध्वनिमुद्रित केले नाहीत. कॅसेटवर गायकाचे नाव ठळक छापले जाई, कवीचे नाव बारीक किंवा अजिबात नाही, त्यामुळे वामनदादांची गीते इतरांच्या नावावर आणि इतरांची वामनदादांच्या नावावर फिरतात. चुंबकीय फीत काही दशकांत निकामी होते आणि १९८० च्या दशकातल्या कॅसेट आता त्या वयाला आल्या आहेत. ज्या घरांत, बुद्धविहारांत किंवा जुन्या गायन पार्ट्यांकडे अशा कॅसेट, गीतांच्या वह्या आणि चार पानी पुस्तिका पडून आहेत, त्यांनी त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि प्रत्येक गाण्यापुढे कवी, गायक, वादक, गाव आणि साल आठवेल तितके लिहून ठेवावे. ज्यांना ते आठवते, त्यांतले बहुतेक आज सत्तरीच्या पुढे आहेत.